वाद्य गवसणीत गेल्यावर तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

परवा एकानं विचारलं, "तुम्ही कलाकार मंडळी दिवसभर सुरांतच असता ना?" मी तेव्हा पलंगाखाली वाकून सतारीची हरवलेली नखी शोधत होतो. म्हणून हा धागा. पोटापाण्यासाठी असो की हौसेनं, गात-वाजवत असाल तर सांगा: रियाज संपला की कशात रमता? भीमसेन जोशींचं गाडीवेड आपल्याला माहीत आहे, चेक संगीतकार द्वोर्झाकला रेल्वे इंजिनांचा नाद होता. आपलं काय?

माझ्यापासून सुरुवात. मी लोकरीचं विणतो. हो, पुरुष असून. डाव्या तर्जनीवर आणि मध्यमेवर तारेनं घट्टे पडलेत, त्यांच्या भेगेत लोकर हटकून अडकते. फोनसुद्धा ते बोट ओळखत नाही. तरी विणतो, कारण चुकलेला टाका उसवता येतो. मैफलीत तार ओढून घेतलेली मींड कमी पडली तर काय उसवणार?

तबला
जुनी लंबकाची घड्याळं दुरुस्त करते. लंबक साधारण 99 सेंटीमीटरचा असला की या टोकाकडून त्या टोकाला जायला एक सेकंद घेतो. म्हणजे मिनिटाला 60 ठोके. घड्याळ चालू झालं की बोटं गुडघ्यावर तीनताल धरतात. छंद तरी वेगळा कुठं म्हणा! उभं घड्याळ जरा तिरपं राहिलं की 'टिक' जवळ आणि 'टॅक' लांब पडतो. घरात कुणालाच ते ऐकू येत नाही, मला झोप लागत नाही. मग रात्री उठून त्याच्या पायाखाली कागदाची घडी सारते.

गायन
मी घरी गाणी लावत नाही. पाहुण्यांना वाटतं, शिष्ट आहे. पण मागं काही वाजत असलं की मी त्याचा षड्ज, म्हणजे 'सा', शोधत बसते आणि समोरच्याचं अर्धं बोलणं निसटतं. त्यापेक्षा झाडांना पाणी घालावं.

तानपुरा मात्र रोज लावते. तार आणि घोडी यांच्यामधला जवारीचा दोरा केसभर पुढं-मागं सरकवत राहायचं, आणि एका जागी तार अचानक फुलते. यात वीस मिनिटं जातात. मी ती रियाजात धरत नाही, गुरुजी धरायचे.

दोन वर्षांपूर्वी घसा सुजला आणि डॉक्टरांनी बोलणंच बंद केलं. पाटी घेऊन फिरत होते. पहिले चार दिवस नुसती चिडचिड. मग लोक किती भरभर बोलतात, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं कसं सुरू करतात, ते ऐकू यायला लागलं. (मीही त्यातलीच.) तेव्हापासून बंदिशीतले शब्द सावकाश टाकते. आवाज पूर्वीइतका वर जात नाही, पण त्याचं फार वाईट वाटत नाही.

बासरी
बुद्धिबळ. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हनं 1914 मध्ये, पुढं जगज्जेता झालेल्या कॅपाब्लांकाला हरवलं होतं. कॅपाब्लांका एकाच वेळी अनेकांशी खेळत होता, पण डाव तो डाव! मी मोबाइलशीसुद्धा हरतो.

संवादिनी (हार्मोनियम)
छंद असा नाही. जन्म साथीत गेला. दुसऱ्याची जागा कुठं संपते तिकडं कान, आणि मधल्या फटीत आपलं थोडंसं. तीच सवय घरीही. बायको म्हणते, "भांडतानासुद्धा साथच करता. एकदा तरी स्वतंत्र वाजवा!"

घड्याळवाल्या ताई, आमचाही 'टॅक' आता लांब पडताना ऐकू येतोय. घडी कुठल्या पायाखाली सारू?