फुरितेनमध्ये रीची लावावी का? नुसत्या त्सुमोच्या भरवशावर?

पूर्ववारा:
जपानी माहजाँग या टाइल्सच्या खेळातला जुना वाद. हात बंद आहे (दुसऱ्याची टाकलेली टाइल घेतलेली नाही), तेनपाई झाली आहे (जिंकायला एकच टाइल हवी), पण ज्यांची वाट पाहायची त्यांतली एखादी टाइल आपण आधी टाकून बसलोय. म्हणजे फुरितेन: दुसऱ्याने टाकलेलीवर जिंकणं, म्हणजे रॉन, नाही; भिंतीतून (रचलेल्या टाइल्समधून) स्वतः उचलली, म्हणजे त्सुमो झाली, तरच जिंकणार. बरेच जण इथे रीची (गुणांची काडी टाकून तेनपाई जाहीर करणं) न लावता दामा धरून, म्हणजे जाहीर न करता, गप्प बसतात. माझं मत: तिहेरी वाट असेल तर बेधडक लावा.

उदाहरण घ्या. पिन या रंगातली तिर्री ते सत्ती सलग हातात, जोडी दुसरीकडे, म्हणजे वाट दुर्री-पंजी-अठ्ठीची. अशा ११ टाइल्स. एक दुर्री आपणच टाकलेली, आणखी दोन इतरांच्या टाकलेल्यांत दिसल्या, उरल्या ८. दक्षिणेच्या खेळाडूने नवव्या फेरीत रीची लावली आणि कुणी पोंग-ची केली नाही, म्हणजे टाकलेली टाइल घेतली नाही, तर त्याच्या ९ उचली बाकी असतात. न दिसलेल्या ८८ टाइल्समधून ९ उचली, कामाच्या ८. शक्यता सुमारे ५९%.

आता गुण. डोरा (बोनस टाइल) नसेल तर दामात त्सुमो आणि पिन्फू (सगळ्या सलग तिकड्यांचा हात), २ हान २० फू (गुण मोजायची एककं), फक्त १५००. रीची लावली की २७००. एक डोरा असेल तर २७०० चे ५२००, दोन असतील तर ५२०० चे थेट ८०००. इप्पात्सु आणि उरा-डोरा हे रीचीचे जादा बोनस अजून धरलेच नाहीत.

गप्पगुमान:
असहमत. ते ५९% तिघांनी तुम्हाला भिंत संपेपर्यंत खेळू दिलं तर. डीलरने मागून रीची लावली की तुम्ही अडकलात: उचललेली टाइल कामाची नसेल तर ती टाकावीच लागते, मग कितीही धोक्याची असो.

शिवाय दामात हात दुरुस्त होतो. छक्की आली की तिर्री टाका. ४-५-६-६-७ राहिलं, वाट पंजी-अठ्ठीची. दुर्री वाटेतून गेली, फुरितेन सुटलं, पिन्फूही शाबूत. आता रॉनही चालतो. रीचीनंतर ही सोय नाही.

पूर्ववारा:
दुरुस्ती छान आहे, पण छक्क्या उरल्यात जास्तीत जास्त ३. जिंकून देणाऱ्या ८. त्या ३ साठी थांबायचं आणि दरम्यान ८ पैकी एक आली की १५०० वर समाधान मानायचं? आणि रीचीची काडी पडली की निदान एक-दोघं तरी हात मोडून सुरक्षित टाइल्स टाकायला लागतात. बाकीचे जिंकण्याचा धोका तिथेच कमी होतो. दामाला कोण घाबरतं?

शेवटची_टाइल:
तिहेरीला पूर्ववाराशी सहमत, पण हे दुहेरी वाटेला लावू नका. वरच्याच हिशोबात ८ ऐवजी ५ धरा, शक्यता ४२% वर येते. तिथे मी काडी टाकत नाही.

शेवटच्या डावात तर आधी पहिल्या क्रमांकाशी असलेला फरक मोजा. पहिल्याकडून थेट मंगान (८००० चा हात) मिळाला तर १६००० चा फरक मिटतो. फुरितेनमध्ये तो रस्ताच बंद. त्सुमोने पहिला डीलर असेल तर १२०००, नसेल तर १००००. त्याहून मागे असाल तर या वाटेवर मंगान पुरणारच नाही, वाट बदला.

गप्पगुमान:
शेवटच्या डावाचं मान्य. डोरा नसताना २७०० साठी डीलरसमोर कवच उतरवणं अजूनही पटत नाही.

नवा_भिडू:
फुरितेन रीची लावली आणि भिंत संपली, तर तेनपाई धरतात का?

शेवटची_टाइल:
धरतात. एकटेच तेनपाई असाल तर तिघांकडून १०००-१०००. काडी मात्र टेबलावरच राहते, पुढचा जिंकणारा नेतो. आणि दोन गोष्टी सांभाळा. नादात रॉन ओरडलात तर चोंबो, म्हणजे नियमभंगाचा दंड, बऱ्याच ठिकाणी मंगानची उलटी भरपाई. त्सुमो झाली तर उचललेली टाइल हातात मिसळू नका, बाजूला वेगळी ठेवून मगच हात उघडा. नाहीतर वाट कोणती होती यावरून, म्हणजे पिन्फूवरून, भांडण ठरलेलं.