गिऱ्हाइकाकडे कुठल्या गाडीतून जावं? (सल्ला हवा आहे)

रंधा_पटाशी:
नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत माझं फर्निचरचं छोटं शेड आहे. किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, टीव्ही युनिट अशी कामं. मला धरून सात माणसं. गाडी 2011 ची वॅगनआर, सीएनजी. डाव्या दाराला पोचा आलाय, मागच्या सीटवर लॅमिनेटची कॅटलॉगं पसरलेली. इंजिनाची मात्र काही तक्रार नाही.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडला एका बंगल्यात माप घ्यायला गेलो. वॉचमन म्हणाला, "कामवाल्यांनी गाडी बाहेर लावायची." मालक गॅलरीतून बघत होते. कोटेशन दिल्यावर म्हणाले, "एवढे? तुमच्याकडे जरा स्वस्तात होईल वाटलं होतं." काम गेलं दुसऱ्याकडे. तो पांढऱ्या एसयूव्हीतून फिरतो. त्याचं काम मी पाहिलंय, कडेची पट्टी पहिल्याच पावसाळ्यात सुटते.

म्हणून पुढच्या वेळी सिडकोत एका ठिकाणी चुलतभावाची क्रेटा घेऊन गेलो. तिथल्या काकू चहा देता देता म्हणाल्या, "धंदा जोरात दिसतोय, मग आमचं थोडं कमी करा की!" गाडी लहान म्हणून कमी करा, मोठी म्हणूनही कमी करा. करायचं काय?

बजेट नऊ लाख. नवी ब्रेझा किंवा नेक्सॉन घ्यावी, की जुनी इनोव्हा? तेवढ्याच पैशांत एजबँडिंग मशीन (फळीच्या कडेला पट्टी चिकटवणारं) घ्यायचंही डोक्यात आहे, पण ते शेडमध्ये राहणार. गिऱ्हाइकाला कुठं दिसतंय!

चाकणवाला:
मी कंपन्यांना प्रेसचे पार्ट पुरवतो. माझी बोलेरो गेटबाहेर उभी असते, ती आजवर कुणी पाहिलेली नाही. ऑडिटला येणारे शेड बघतात, मशीन बघतात, रिजेक्शनचं रजिस्टर बघतात. तुमची अडचण वेगळी आहे. तुमचं शेड गिऱ्हाइकानं पाहिलेलंच नसतं, म्हणून तुमची गाडी हेच त्याच्या दृष्टीनं तुमचं शेड. बंगलेवाल्यांना कोटेशन देण्याआधी एकदा अंबडला आणा. मशीन चालू असताना आणा, जेवणाच्या सुट्टीत नको.

एक_गिऱ्हाईक:
मी ठाण्याची, दोन वर्षांपूर्वी घराचं काम करून घेतलं. खोटं कशाला बोलू, गाडी मी बघितली होती. पण आमच्या मनात एकच धास्ती असते: निम्मे पैसे आधी घेऊन हा माणूस नंतर फोन उचलेल का? फारच खटारा गाडी दिसली की वाटतं, आमचा ॲडव्हान्स आधीच्या कुणाच्या तरी कामात जिरणार. एक जण भल्यामोठ्या नव्याकोऱ्या गाडीतून आला आणि पहिल्याच भेटीत साठ टक्के मागायला लागला. हे म्हणाले, "हप्ता जवळ आलेला दिसतोय."

काम दिलं त्यांची जुनी अल्टो होती. स्वच्छ. डिकी उघडली तर बिजागऱ्या एका डब्यात, चॅनल दुसऱ्यात, प्रत्येकावर चिठ्ठी. म्हटलं, हा माणूस माझे खण सरळ बसवेल. तेव्हा दादा, राग मानू नका, पोच्याचं एवढं काही नाही हो, मागच्या सीटवरचा पसारा मला जास्त खटकला असता.

आकडेमोड:
भावनेचं झालं, आता हिशोब. जीएसटी नेहमीच्या पद्धतीनं भरता असं धरतो, कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची ठराविक दराची योजना) असाल तर क्रेडिटचं पुढचं सोडून द्या. ब्रेझा घ्या नाहीतर नेक्सॉन, माणसं नेणाऱ्या गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे तुमच्या जीएसटीतून वजावट, तुम्हाला मिळणार नाही. मशीनवर मिळतं. माल वाहायला छोटा हत्ती घेतला तर त्यावरही मिळतं. इन्कम टॅक्समध्ये घसारा (गाडी जुनी होते त्याची वजावट) वर्षाला 15 टक्के, आणि घेतली त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मा. त्यातही घरच्या वापराचा भाग वगळावा लागतो.

आणखी एक. मित्र सांगतील, कंपनी काढून तिच्या नावावर घे, रुबाब वाटतो. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या कारला रोड टॅक्स 20 टक्के. स्वतःच्या नावावर दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11. प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचा धंदा) असेल तर स्वतःच्याच नावावर ठेवा.

माझं मत: आधी मशीन.

न्यूजर्सीकर:
मी इथे घरं विकतो. गिऱ्हाईक दिवसभर माझ्या मागच्या सीटवर बसलेलं असतं, त्यामुळे गाडी हेच माझं ऑफिस. तुमच्या गाडीत गिऱ्हाईक कधी बसतं का? बसत नसेल तर इनोव्हाचा विचार सोडा.

कोल्हापुरी_चप्पल:
आमच्याकडं उलटंच. पांढरी फॉर्च्युनर दारात थांबली की लोकांना वाटतं, वर्गणी मागायला आले. लाईट बंद करून बसतात.

पुणेरी_पाटी:
वॉचमनवर छाप पाडायला नऊ लाख अंमळ जास्त होतात. जाताना गाडी लांब लावून चालत गेलात तर फुकट काम होईल. बाकी, "गिऱ्हाइकाला दिसत नाही" म्हणून मशीन नको म्हणता, तर एसयूव्हीवाल्याची पट्टी सुटलेली तुम्हाला दिसलीच की. सहा महिन्यांनी त्याच्या गिऱ्हाइकालाही दिसेल. आणि खरं सांगा, गाडी नेमकी कुणाला हवीय? गिऱ्हाइकाला की घरच्यांना?

रंधा_पटाशी:
पाटीकर, वर्मावर बोट ठेवलंत. मेहुण्यानं दिवाळीत क्रेटा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात गाड्यांच्या जाहिराती मोठ्या आवाजात लागतात. (वर ज्याची नेली तो चुलतभाऊ वेगळा. आमच्याकडे क्रेटाचीच साथ आहे.)

ताईंचं वाचून रविवारी मागची सीट रिकामी केली. तीन पोती रद्दी निघाली, आणि 2019 पासून हरवलेला माझा गुण्या (काटकोन तपासायचा). डबे आणले, चिठ्ठ्या मुलीनं लिहिल्या. मशीनचं कोटेशन मागवलंय. चाकणवाले, बंगल्याची पुढची चौकशी आली की सरळ अंबडलाच बोलावणार. शेडबाहेरचा खड्डा मात्र आधी बुजवतो.

इनोव्हा रद्द. ब्रेझाचं पुढच्या वर्षी बघू, असं घरी सांगितलंय. ते पटलेलं दिसत नाही. तोवर या गाडीला नीट करून घेतो. द्वारका भागात दाराचा पोचा काढून रंग जुळवून देणारा कुणी खात्रीचा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. रंग चंदेरी आहे, जुळायला अवघड जातो म्हणतात.