हॅमिल्टनचं कोणतं चित्र लावावं?

वैनगंगाकाठ: पवनीजवळच्या आमच्या वाचनालयात पुरावस्तूंवर भिंतीवरचं प्रदर्शन लावतोय. विल्यम हॅमिल्टन, १७६४ ते १८०० नेपल्सला असलेला ब्रिटिश राजदूत, याचं कोणतं चित्र घ्यावं? ए-३ आकारात छापलं तर चित्र फाटेल, म्हणजे धूसर दिसेल का?

जुनी घागर: भाऊ, चित्रकार रेनॉल्ड्सचंच घ्या, १७७६-७७ चं. प्राचीन भांडी, उघडं पुस्तक, मागे व्हेसुव्हियस ज्वालामुखी. पुरावस्तूंचा संग्राहक खरा इथंच दिसतो. डेव्हिड ॲलनच्या १७७५ च्या चित्रात दरबारी झगाच नजरेत भरतो. खाली एवढं जरूर लिहा: त्याचा पुरावस्तूंचा पहिला संग्रह १७७२ मध्ये ब्रिटिश म्युझियमला ८,४०० पौंडांना गेला.

शाईवाला: ए-३ ला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. २०० डीपीआयवरही भिंतीवर चालून जातं. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली प्रत नकोच, ती दाबलेली असते. फ्लेक्स टाळा: चमक मारतो, गडद कोपरे नुसते काळे होतात. मॅट फोटोपेपर घ्या, आधी छोटा नमुना काढा. छपाईत लाल रंग मळकट होऊ शकतो.

वैनगंगाकाठ: भिंतीला पावसाळ्यात ओल येते.

शाईवाला: मग थेट चिकटवू नका. फ्रेमच्या मागं चारही कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचे लाकडी ठोकळे लावा, हवा खेळती राहील.