मदत हवी आहे: ओट-बरसीममध्ये गुरं थेट चरायला सोडायची आहेत

नमस्कार. सहा दुभत्या गाई आणि तीन कालवडी आहेत. ज्वारी निघाली की दोन एकरांत हिवाळी चारा करायचाय, आणि या वेळी कापून गोठ्यात न आणता गुरंच पट्ट्यापट्ट्याने चरायला सोडायचीत. रोज कापायला-वाहायला माणूस मिळत नाही. शिवाय गुरं दिवसभर दाव्याला बांधलेली मला बघवत नाहीत.

ओट आणि बरसीम (द्विदल हिरवा चारा) एकत्र पेरायचा विचार आहे. नुसता ओट एकरी ४० किलो, नुसतं बरसीम १० ते १२ किलो लागतं. मिश्र पेरताना कशाचं किती कमी करायचं? गोठ्यात बरसीमच्या कुट्टीत कडबा मिसळता येतो. रानात गाय आधी कोवळं बरसीमच ओढणार. पोटफुगीची मला खरी धास्ती आहे. डावी भकाळी वर आली आणि गाय पोटावर लाथा मारायला लागली की हाताशी फार वेळ नसतो.

दुसरं, ज्वारीच्या खुंटांना ओलीवर हिरवे फुटवे येतात आणि गुरं नेमकी त्यांवर तुटून पडतात. किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागेल म्हणून रान नांगरूनच पेरावं का?

आणि ओट कापायला पन्नासेक दिवस धरतात. चराईलाही तेवढं थांबायचं?

प्रतिसाद

फुटव्यांचा धोका पत्करू नका, नांगरूनच पेरा. कोवळ्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या फुटव्यात सायनाइडचं विष सगळ्यात जास्त असतं, डॉक्टर येईपर्यंत जनावर हाती लागत नाही.

मी ओट एकरी ३० किलो टाकतो, बरसीम ४ किलोच्या वर जात नाही. निम्म्याहून जास्त चारा ओटाचा राहिला तर पोटफुगी बरीच टळते. पण दोनदा चरल्यावर ओट थकतो आणि बरसीम उसळतं, म्हणून खरी काळजी शेवटच्या महिन्यात घ्यायची. सकाळी भरपेट कडबा घाला, दव वाळल्यावरच सोडा. उपाशी गुरं कधीच नकोत.

दिवस मोजू नका. ओट वीतभर वाढला की पात्यांचा झुबका मुठीत धरून, गाय ओढते तसा पिळून ओढा. पातं तुटलं तर सोडा, मुळासकट हातात आलं तर थांबा. खाली चार बोटं खुंट राहील इतपतच चरू द्या. पाणी दिल्यावर वाफसा येईपर्यंत कुणालाही आत घेऊ नका, खुरांनी जमीन दबली की फूट मंदावते. युरिया टाकल्यावर तीन आठवडे थांबा, विशेषतः ढगाळ हवेत. तेव्हा ओटात नायट्रेट साठतं, आणि ते वाळवूनही जात नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. पिळून बघायचं लक्षात ठेवतो. पट्टा बदलताना झटका तार (विजेचं कुंपण) पुढे सरकवली की चरून झालेल्या पट्ट्याकडे, मागेही लावावी लागते का?

प्रतिसाद

लावाच. तीन-चार दिवसांत मागच्या पट्ट्यात कोवळी फूट येते, आणि गुरं पुढचा चारा सोडून तीच खुडायला वळतात. मग तो पट्टा पुन्हा नीट भरत नाही. पाण्याचं टाकंही तारेबरोबर पुढे न्या.