टी-पेशी असून विषाणू निसटतो कसा?

चोपड्याचा विद्यार्थी:
मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करतोय. माझे मामा 2014 पासून एचआयव्हीच्या गोळ्या घेतात, तब्येत छान आहे. दिवाळीत त्यांनी विचारलं, "माझ्या अंगातल्या पेशी त्याला मारतात ना, मग तो संपत का नाही?" मला धड सांगता आलं नाही. टी-पेशी, म्हणजे बाधित पेशी हेरून मारणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, वाढवल्या तर भागेल का?

धुळ्याची लेक, सध्या पुण्यात संशोधन:
नुसत्या वाढवून भागत नाही, भाऊ. बाधित पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या एचएलए रेणूवर (तो माणसागणिक वेगळा असतो) विषाणूच्या प्रथिनाचा आठ ते अकरा अमिनो आम्लांचा तुकडा मांडते. मारणाऱ्या सीडी-8 टी-पेशीला तेवढाच दिसतो. त्यातलं एक आम्ल बदललं तरी ओळख पुसली जाऊ शकते. एचआयव्हीचं नक्कल करणारं एन्झाइम तर सतत चुकतं, म्हणून असे बदल होतच राहतात. 2007 मध्ये थांबवलेल्या 'स्टेप' चाचणीतल्या एचआयव्हीविरोधी लशीने टी-पेशी तयार केल्या होत्या, संसर्ग मात्र रोखला नाही.

नेम कुठे धरला, यावर सगळं आहे. एचएलएचे बी57 किंवा बी27 हे प्रकार असलेल्या काही जणांत औषधाविनाही विषाणू दबून राहतो. त्यांच्या टी-पेशी विषाणूच्या गॅग या गाभ्याच्या प्रथिनाच्या अशा भागावर तुटून पडतात, जो बदलला की विषाणू स्वतःच लंगडा होतो. बी27 वाल्यांत गॅगच्या 264 व्या जागचा बदल टिकवायला त्याला दुसरीकडे भरपाईचा बदल करावा लागतो. त्यात अनेकदा वर्षं जातात.

यावलचा कापूसवाला:
ताई, बीटी कापसात 2002 ला अळी मारणारं एक जनुक होतं, 2006 ला दोन झाली. तरी गुलाबी बोंडअळी आलीच. मग इथे विषाणूवर एकदम चार जागी मारा केला, तरी काय होणार?

धुळ्याची लेक:
दादा, अगदी नेमकं विचारलंत. आपण फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस उभाच ठेवला, अळीला आसरा म्हणून दिलेली नॉन-बीटी बियाण्याची पुडी लावलीच नाही, अळीला बदलायला पिढ्यांमागून पिढ्या मिळाल्या. म्हणून जागा वाढवण्याइतकंच विषाणूला वेळ न देणंही महत्त्वाचं. गोळ्या चालू असताना नक्कल जवळपास थांबते. टी-पेशींना न बदलणारे भाग शिकवायचे ते तेव्हाच. शिवाय रोज लढून त्या थकतात, पीडी-1 हा लगाम चढतो. 2006 मध्ये उंदरांत तो अडवल्यावर थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या.

चोपड्याचा विद्यार्थी:
मामांच्या गोळ्या सीडी4 पेशी (एचआयव्ही ज्या टी-पेशींना बाधतो त्या) बऱ्याच घसरल्यावर सुरू झाल्या होत्या. म्हणजे गोळ्या चालू असतानाही पेशींत लपून राहिलेला विषाणू आधीच निसटलेला?

धुळ्याची लेक:
बहुधा हो. उशिरा औषध सुरू झालेल्यांच्या या लपलेल्या साठ्यात निसटलेलीच रूपं जास्त, हे 2015 मध्ये दिसलं. पण न बदललेले तुकडे ओळखणाऱ्या टी-पेशी त्यांनाही मारू शकल्या. मामांना हेही सांग. आणि गोळी सुटली तर तो बहुधा काही आठवड्यांत परततो, हे आधी सांग.