मदत हवी आहे: सांस्कृतिक राजनयाचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

एम.ए.च्या प्रबंधात एका जागी अडकले आहे. विषय सांस्कृतिक राजनय, म्हणजे खेळ, संगीत अशा भेटींतून देशांचे संबंध जुळवणं. एप्रिल १९७१ मध्ये अमेरिकेचा टेबल टेनिस संघ चीनला गेला, फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन गेले. सगळीकडे याचं श्रेय खेळाला देतात. पण पाकिस्तानमार्फत दोन्ही सरकारांचे गुप्त निरोप आधीपासूनच चालू होते! मग खेळाने दार उघडलं, की आधीच किलकिलं झालेलं दार जगाला दाखवलं?

उलट उदाहरणही आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या अमेरिकन वाद्यवृंदाने उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्याँगयांगमध्ये, दोन्ही देशांची राष्ट्रगीतं वाजवली, शेवटी 'आरिरांग' हे कोरियन लोकगीत. ते रेकॉर्डिंग पाहताना आजही गलबलून येतं. तरी मे २००९ मध्ये उत्तर कोरियाने अणुचाचणी केलीच.

व्यापाराचे आकडे आणि संयुक्त राष्ट्रांतलं मतदान ताडून पाहिलं, पण त्यात राजकारण आणि संस्कृती वेगळी काढता येत नाही. जनमत चाचण्या बंदिस्त देशांत मिळत नाहीत. मुलाखती शक्य नाहीत, फक्त खुली झालेली सरकारी कागदपत्रं आणि जुनी वर्तमानपत्रं हाताशी आहेत. सॉफ्ट पॉवरची (जबरदस्तीऐवजी आकर्षणातून प्रभाव पाडण्याची ताकद) व्याख्या वगैरे वाचून झालंय, ते नको.

एवढंच सांगा: निर्णय घेणाऱ्यांवर अशा भेटीचा खरोखर परिणाम झाला, हे या कागदपत्रांत नेमकं कशावरून ओळखायचं?