शब्दचर्चा : ‘डीएनआर’ मराठीत कसे लिहावे?

अनुवादक

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात नातेवाइकांना द्यायच्या माहितीपत्रकाचे मराठी करायचे आहे. मूळ मसुद्यात डीएनआर (‘डू नॉट रिससिटेट’) आणि डीएनएआर (‘डू नॉट अटेम्प्ट रिससिटेशन’) अशी दोन्ही रूपे येतात. वेगवेगळ्या कागदांवर दिसलेले मराठी पर्याय असे : ‘पुनरुज्जीवन नको’, ‘पुनरुज्जीवनास नकार’, ‘संजीवन-मनाई’, ‘जीवरक्षक उपचार नाकारणे’ आणि एके ठिकाणी सरळ ‘उपचार नको’. कोणता घ्यावा? वाचणारा माणूस रात्री दोन वाजता, घाबरलेल्या अवस्थेत वाचणार आहे, हे धरून सांगावे.

कॅज्युअल्टी

शेवटचे दोन आधी काढून टाका. ‘उपचार नको’ तर धोकादायकच आहे.

डीएनएआर फक्त एका प्रसंगापुरता असतो : हृदय आणि श्वास थांबले तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न, सुरू करायचा नाही. त्याआधीचे सगळे उपचार चालू राहतात. सलाईन, अँटिबायोटिक, ऑक्सिजन, रक्त, डायलिसिस, गरज पडली तर शस्त्रक्रियासुद्धा. केस पेपरवर डीएनएआर दिसला म्हणून ताप आलेल्या रुग्णाचे रक्त तपासायला न पाठवणे, आयसीयूत बेड न देणे, रात्री बोलावल्यावर उशिरा जाणे हे सगळे चूक आहे. तरीही असे घडते आणि त्याचे एक कारण शब्दातच असते. ‘उपचार नको’ वाचलेली नवी सिस्टर किंवा ड्युटीवरचा ज्युनिअर डॉक्टर त्याचा अर्थ तसाच घेणार.

व्हेंटिलेटरचा प्रश्नही वेगळा लिहावा लागतो. हृदय चालू आहे पण श्वास अपुरा पडतो आहे, अशा वेळी घशात नळी घालायची की नाही, हे डीएनएआरमध्ये आपोआप येत नाही. नळी नको असेल तर तसे स्वतंत्र लिहावे आणि मास्कने दाब देऊन श्वासाला मदत केलेली चालेल का, हेही त्याच ओळीत नोंदवावे.

मुद्रितशोधक

‘पुनरुज्जीवन’ या शब्दावरच माझा आक्षेप आहे. किल्ल्याचे, नदीचे, जुन्या कलेचे पुनरुज्जीवन होते तेव्हा ते झालेले असते. शब्दात यश गृहीत आहे. मग ‘पुनरुज्जीवन नको’ म्हणणारा मुलगा स्वतःच्या कानाला ‘बाबा परत जिवंत व्हायला नकोत’ असे म्हणतो. ‘संजीवन’ त्याहून वाईट, कारण तिथे थेट संजीवनी बुटी आठवते. डीएनआरचे डीएनएआर झाले ते याच कारणाने. मधला ‘ए’ म्हणजे प्रयत्न. मराठीत तो ‘प्रयत्न’ गाळून चालणार नाही.

कॅज्युअल्टी

अगदी बरोबर. प्रयत्न म्हणजे नेमके काय, हेही पत्रकात लिहा, कारण ‘सीपीआर’ म्हटल्यावर पुष्कळांना एखादे इंजेक्शन वाटते.

छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब. नळी घातलेली नसेल तर दर ३० दाबांनंतर २ श्वास. दाबणारा थकतो म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा. दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन. हृदयाची लय तशी असेल तरच शॉक. मॉनिटरवर सरळ रेघ असेल तर शॉक देत नाहीत, सिनेमात काहीही दाखवोत. वयस्क माणसाच्या बरगड्या मोडणे नेहमीचे आहे. हृदय पुन्हा चालू झाले तरी मेंदूला रक्त न मिळाल्याचे नुकसान मागे राहू शकते, आणि पुढचे दिवस व्हेंटिलेटरवर जातात.

अचानक लय बिघडलेल्या चाळिशीतल्या माणसाला यातून पूर्ण बरे करता येते. सगळीकडे पसरलेल्या कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात हृदय थांबते ते मूळ आजार शरीर संपवत आणतो म्हणून, आणि तो आजार छाती दाबण्याने हटत नाही. पत्रकात ही दोन वाक्ये शेजारी-शेजारी असली पाहिजेत. एकच छापले तर दिशाभूल होते.

विधिज्ञ

‘नकार’ या शब्दाबद्दल. इथे दोन वेगळे कागद आहेत आणि दोघांनाही ‘नकार’ म्हटले जाते.

पहिला कागद रुग्णाने शुद्धीत, आधीच केलेला : पुढे कोणते उपचार नकोत, हे सांगणारा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज खटल्यात त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. २०१८च्या निकालात प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागत होती. आपल्या वतीने कोण बोलणार, त्या व्यक्तीचे नाव त्यात घालायचे असते. एकाहून अधिक नावेही घालता येतात. त्यासाठी ‘इच्छापत्र’ एवढेच लिहू नका. मराठीत इच्छापत्र म्हणजे मालमत्तेचे मृत्युपत्रही, आणि वकिलाकडे ‘इच्छापत्र करायचे आहे’ म्हटले की तो सातबारा आणि फ्लॅटचे कागद मागतो. ‘वैद्यकीय इच्छापत्र’ किंवा ‘आगाऊ वैद्यकीय निर्देश’ असे पूर्ण लिहा. बोलताना लोक ‘लिव्हिंग विल’ म्हणतात, तेही द्यावे.

दुसरा कागद म्हणजे डीएनएआर. तो उपचार करणाऱ्या डॉक्टरने, रुग्णाशी किंवा तो बोलण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या वतीने बोलणाऱ्याशी चर्चा करून केस पेपरवर लिहिलेला आदेश. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० साली त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. हा नातेवाइकांचा अर्ज नव्हे.

आणि तिसरी गोष्ट, जी यांत मिसळू नये : चालू असलेला व्हेंटिलेटर काढणे. त्यासाठी हॉस्पिटलचे प्राथमिक मंडळ (उपचार करणारा डॉक्टर आणि किमान ५ वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ), मग दुय्यम मंडळ (जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ). दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचे.

मुद्रितशोधक

मग ‘नको’ आणि ‘नये’ यांचा उपयोग करून घ्यावा. मराठीने ही सोय आधीच करून ठेवली आहे. ‘मला नको’ हे रुग्णाचे बोलणे, म्हणून वैद्यकीय इच्छापत्रात ‘नको’. ‘करू नये’ हा डॉक्टरचा आदेश, म्हणून केस पेपरवर ‘नये’. घटना घडून गेल्यावरच्या नोंदीत ‘केला नाही’. तिन्ही जागी ‘नकार’ लिहिले तर कोणी, कोणाला, केव्हा हे तिन्ही हरवते. त्यातून ‘नातेवाइकांचा नकार’ असे कागदावर उमटले की घरात पुढे वर्षानुवर्षे ‘सही कोणी केली’ हाच विषय होतो. जो निर्णय त्या मुलीने किंवा सुनेने एकटीने घेतलेलाच नाही, त्याचे ओझे एका शब्दामुळे तिच्यावर पडते. हे टाळणे आपल्या हातात आहे.

वॉर्ड सिस्टर

पत्रकात ‘ऊर्ध्व लागणे’ हा शब्द जरूर घाला. हृदय थांबल्यावरही काही वेळ तोंड उघडून अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास येतो. नातेवाईक म्हणतात, ‘श्वास चालू आहे, काहीतरी करा.’ हा खरा श्वास नसतो. ज्याचा डीएनएआर नाही अशा माणसाला याच क्षणी दाब सुरू करायला हवा, ‘श्वास आहे’ म्हणून थांबायचे नाही. ज्याचा डीएनएआर आहे, त्याच्या माणसांना हे दिसणार हे आधी सांगितलेले असावे. आधी कल्पना नसली की ऐनवेळी निर्णय फिरतो आणि त्यात कोणाची चूक नसते.

घशातली घरघर वेगळी. ती साठलेल्या स्रावाची असते. कुशीवर वळवले, डोके थोडे वर केले की कमी होते.

आणि ‘काहीच करणार नाही’ हे वाक्य कोणत्याही कागदावर येऊ देऊ नका. धाप लागली तर मॉर्फिन, दुखले तर औषध, ओठ आणि तोंड ओले ठेवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, जवळच्यांना पडद्याआत बसू देणे. काय करणार ते आधी लिहा, काय करणार नाही ते नंतर.

अनुवादक

फार उपयोगी पडले. दोन शंका. मसुद्यात एके ठिकाणी ‘हार्ट अटॅक आल्यास सीपीआर करू नये’ असे आले आहे. हे चालेल का? आणि नातेवाईक ऐनवेळी तोंडी सांगतात, त्यासाठी कोणता शब्द?

कॅज्युअल्टी

पहिले अजिबात चालणार नाही. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणे. रुग्ण बहुधा बोलत असतो. डीएनएआर असलेल्या रुग्णालाही तेव्हा अ‍ॅस्पिरिन आणि बाकीचे उपचार द्यायचेच. कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयक्रिया बंद पडणे. मराठी वर्तमानपत्रे दोन्हीला ‘हृदयविकाराचा झटका’ म्हणतात, म्हणून पत्रकात ‘झटका’ हा शब्द वापरूच नका.

दुसरे : त्याला शब्द न देता क्रम द्या. रुग्ण शुद्धीत असेल तर आधी रुग्णालाच विचारायचे, मुलाला नंतर. कागद असेल तर त्यावर नाव, तारीख, सह्या पाहायच्या आणि आत्ताचा आजार त्यात लिहिलेल्या स्थितीत बसतो का ते पाहायचे. कॅन्सरसाठी केलेला निर्देश घशात घास अडकल्यावर किंवा इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आल्यावर लावायचा नाही. दुसऱ्या हॉस्पिटलचा डीएनएआर ही माहिती समजायची. आदेश इथल्या डॉक्टरने नव्याने लिहायचा. कागद नाही किंवा घरच्यांत एकमत नाही, तर सीपीआर सुरू करायचा. खरी माहिती हाती आल्यावर तो थांबवता येतो. न सुरू केलेला सीपीआर दहा मिनिटांनी सुरू करून काही उपयोग नसतो. आणि नातेवाइकांच्या समाधानासाठी हळूहळू, दाखवण्यापुरता दाब देणे हा मधला मार्ग नव्हे. ती फसवणूक आहे.

विधिज्ञ

जोडीला : ‘डामा’ म्हणजे डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणे. त्याची सही डीएनएआरच्या बदली घेऊ नये. घरी नेले की मॉर्फिनही बंद होते आणि सिस्टरही नसते. तसेच ‘इच्छामरण’ हा शब्द पत्रकात कुठेही नको. अरुणा शानबाग प्रकरणापासून, म्हणजे ७ मार्च २०११च्या निकालापासून, तो बातम्यांत रूढ झाला. पण आयसीएमआरने २०१८ साली केलेल्या व्याख्यांमध्ये ‘निष्क्रिय दयामरण’ ही संज्ञासुद्धा बाजूला ठेवली आहे. सीपीआर न करणे म्हणजे मारणे नव्हे. मृत्यू आजाराने होतो.

मुद्रितशोधक

मग मजकूर असा बसेल :

‘सीपीआर करू नये (डीएनएआर). रुग्णाचे हृदय व श्वास थांबल्यास छाती दाबणे, शॉक देणे व त्यासाठी घशात नळी घालणे हे प्रयत्न करू नयेत. बाकी सर्व उपचार, वेदनाशमन व शुश्रूषा चालू ठेवावी. हा आदेश कधीही बदलता येतो.’

खाली डॉक्टरचे नाव, सही, तारीख, वेळ. कोणाशी चर्चा झाली त्यांचे नाव व नाते. आणि पुन्हा आढावा केव्हा घ्यायचा. शीर्षकात ‘पुनरुज्जीवन’ नको.

वॉर्ड सिस्टर

‘शुश्रूषा’ऐवजी ‘काळजी’ लिहा, सगळ्यांना वाचता येते. आणि शस्त्रक्रियेला नेताना आदेशाचा भूलतज्ज्ञासोबत नव्याने विचार करावा, अशी एक ओळ आढाव्याच्या जागी घाला. भूल दिल्यानंतर थांबलेले हृदय बऱ्याचदा लगेच चालू करता येते, म्हणून तेवढ्या काळापुरता आदेश स्थगित ठेवायचा का, हे टेबलावर घेण्याआधी ठरलेले असावे.